शिफ्टच्या शेवटी एकदम भरल्या जाणाऱ्या ई-नोंदी: सुधारणा कुठून सुरू करावी?

मेडिसिन_वॉर्ड_इन्चार्ज (प्रश्न)

३० खाटांचा मेडिसिन वॉर्ड आहे. केस पेपर बंद होऊन सगळं संगणकावर आलंय: व्हायटल्स (बीपी, नाडी, ताप, श्वसनदर वगैरे मोजमापं), औषध दिल्याची नोंद, इनटेक-आउटपुट (शरीरात गेलेलं आणि बाहेर पडलेलं पाणी), नर्सिंग नोट, डॉक्टरांची रोजची नोट. सॉफ्टवेअरबद्दल तक्रार नाही, ते वापरण्याच्या पद्धतीबद्दल आहे.

व्हायटल्स आधी चिठ्ठीवर लिहिले जातात आणि ड्युटी संपताना एकदम चढवले जातात, त्यामुळे अर्ध्या वॉर्डाच्या नोंदींवर जवळजवळ एकच वेळ दिसते. औषधं देताना बारकोड स्कॅन करायचा नियम आहे, पण स्कॅन बऱ्याचदा औषध दिल्यानंतर होतं. डॉक्टरांची आजची नोट म्हणजे कालचीच नोट, दोन ओळी बदललेली. नर्सिंग नोट इतकी लांब झालीय की ओव्हर घेताना, म्हणजे आधीच्या शिफ्टकडून रुग्णांची माहिती घेताना, कुणी ती वाचत नाही, सगळं तोंडीच सांगितलं जातं. शिवाय चुकीच्या रुग्णाच्या चार्टमध्ये नोंद गेली तर काय करायचं, याबद्दल प्रत्येकाचं मत वेगळं.

स्टाफ कामसू आहे, टाळाटाळ कुणी करत नाही. म्हणून "प्रशिक्षण द्या" एवढ्यावर थांबू नका, ही विनंती. नेमकं काय बदलावं आणि कोणत्या क्रमाने, हे हवंय.

नर्सिंग_इन्फॉर्मेटिक्स

इन्चार्ज, व्हायटल्सच्या वेळेपासून सुरू करा. बाकी बऱ्याच गोष्टी त्यावर उभ्या आहेत.

प्रत्येक नोंदीला दोन वेळा असतात: मोजमाप घेतलं ती वेळ आणि संगणकात भरलं ती वेळ. दुसरी वेळ प्रणाली आपोआप नोंदवते आणि ती कुणालाच बदलता येत नाही. पहिली वेळ आपण द्यायची असते. पण बहुतेक प्रणालींमध्ये नवा रकाना उघडला की तिथे "आत्ता" हीच वेळ येऊन बसते. सकाळी ६ला घेतलेला बीपी ७:४०ला भरला आणि वेळ बदलली नाही, तर तो ७:४०चा बीपी ठरतो. मधे ६:३०ला बीपीची गोळी दिलेली असेल तर चार्ट वाचणाऱ्याला वाटणार की गोळीनंतरही बीपी एवढाच आहे, म्हणजे डोस वाढवायला हवा. हे कागदावरही व्हायचं, पण कागद स्वतः गणित करत नव्हता. संगणक करतो.

धोक्याची पूर्वसूचना देणारा न्यूज-२ स्कोअर तुमच्या प्रणालीत असेल, तर तो भरलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवूनच चालतो. एक रुग्ण घ्या: श्वसनदर २२, ऑक्सिजन चालू असताना सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) ९५ टक्के, नाडी ९६, वरचा बीपी ११८, ताप ३७.२ सेल्सिअस, पूर्ण शुद्धीत. श्वसनदराचे २, सॅच्युरेशनचा १, ऑक्सिजन चालू असल्याचे २, नाडीचा १, एकूण ६. म्हणजे डॉक्टरांना तातडीने कळवायचं आणि निदान तासाला एकदा तपासायचं. आता याच रुग्णाचा श्वसनदर न मोजता सवयीने १८ लिहिला आणि "ऑक्सिजन चालू आहे का" या ड्रॉपडाउनवर आधीपासून बसलेलं "नाही" तसंच राहू दिलं. स्कोअर २. आता ४ ते ६ तासांनी पाहिलं तरी चालेल असं प्रणाली सांगते. एकही आकडा वेडावाकडा दिसत नाही, म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

त्यासाठी दोन तपासण्या आजच करा. प्रणालीतून गेल्या आठवड्याचे सगळे श्वसनदर काढून घ्या. १८ आणि २० या आकड्यांचाच ढीग दिसला तर मोजमाप होत नाही हे उघड आहे. आणि ऑक्सिजनच्या रकान्यात आधीच भरलेला पर्याय काढून टाकायला सांगा. तो रकाना रिकामा राहिला पाहिजे आणि भरल्याशिवाय स्कोअर निघता कामा नये.

आता चिठ्ठी का वापरली जाते ते पाहू. रागावून ती थांबणार नाही. एका फेरीत नर्ससोबत पहिल्या खाटेपासून शेवटच्या खाटेपर्यंत चाला आणि फक्त बघा. कारणं साधारण ही सापडतात:

• ट्रॉलीवरच्या संगणकाची बॅटरी फेरी संपेपर्यंत टिकत नाही, म्हणून तो भिंतीशी बांधलेला राहतो.
• प्रत्येक खाटेपाशी पुन्हा लॉगिन करावं लागतं आणि त्यात वेळ जातो.
• फ्लोशीटमध्ये, म्हणजे व्हायटल्स भरण्याच्या तक्त्यात, ४०-५० ओळी आहेत, रोज लागतात त्यातल्या ८-१०, त्याही वरखाली विखुरलेल्या.
• रकान्यांचा क्रम मोजण्याच्या क्रमाशी जुळत नाही. हातात थर्मामीटर आहे आणि पडदा बीपी विचारतोय.

शेवटच्या दोन गोष्टी तुमच्या आयटी विभागाला थोड्या वेळात करता येतात. नेहमीच्या फेरीसाठी वेगळा छोटा गट बनवून घ्या: श्वसनदर, सॅच्युरेशन, ऑक्सिजन चालू आहे का आणि किती लिटर, बीपी, नाडी, शुद्धी, ताप, वेदना. याच क्रमाने, एकाखाली एक, टॅब दाबला की पुढच्या रकान्यात. बाकी ओळी लपवा, पुसू नका. लॉगिनसाठी बॅज टेकवून उघडण्याची सोय असेल तर तीच सुरू करा. बॅटरीसाठी ट्रॉली कुठे आणि कधी चार्जिंगला लावायची हे नेमून द्या, कारण दोन शिफ्टच्या मधल्या वेळेत ती लावणं कुणाचंच काम नसतं.

एवढं करूनही उशीर होणारच. रुग्ण कोसळला तर आधी रुग्ण. अशा वेळी नोंद नंतर भरा, पण मोजमापाची खरी वेळ टाकून. उशिरा केलेली नोंद खरी वेळ सांगत असेल तर तिच्यात गैर काही नाही.

आयसीयू_इंटिग्रेशन

वरच्या मुद्द्याला जोडून. मॉनिटरमधून आकडे थेट चार्टमध्ये येत असतील तर "आता वेळेचा प्रश्नच नाही" असं समजू नका. तिथे वेगळ्या चुका होतात.

बऱ्याच ठिकाणी मॉनिटर रुग्णाशी जोडलेला नसतो, खाटेशी जोडलेला असतो. रुग्ण ७ नंबरवरून १२ नंबरवर हलवला आणि संगणकातली बदली दोन तासांनी केली, तर त्या दोन तासांत ७ नंबरवर आलेल्या नव्या माणसाची नाडी जुन्या माणसाच्या चार्टमध्ये जात राहते. म्हणून रुग्ण हलवताना क्रम ठरवा: आधीच्या मॉनिटरची जोडणी सोडा, संगणकात बदली करा, नव्या खाटेवर रुग्णाच्या मनगटावरचा ओळखीचा बँड स्कॅन करून जोडणी करा, आणि पहिला आकडा मॉनिटरवर व चार्टमध्ये एकच दिसतोय याची खात्री करा. चौथी पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते.

दुसरं, आपोआप आलेला आकडा कुणीतरी मान्य करेपर्यंत कच्चा असतो. सॅच्युरेशन मोजणारा प्रोब (चिमटा) बोटावरून निसटला की सॅच्युरेशन ७० दिसतं. धमनीत घातलेली लाइन फ्लश करताना वरचा बीपी ३०० जवळ जातो. "सगळं मान्य" हे एकच बटण दाबलं की हे आकडे कायमचे चार्टमध्ये बसतात, आलेखात टोक दिसतं आणि सकाळच्या राउंडला त्यावर चर्चा होते. मान्य करण्याआधी रुग्णाकडे बघा. खोटा आकडा मान्य करू नका. चुकून झालाच तर "प्रोब निसटला होता" असं कारण देऊन तो अवैध करा.

मॉनिटरचं घड्याळ आणि सर्व्हरचं घड्याळही जुळवून ठेवा. काही मिनिटांचा फरक असेल तर रुग्ण कोसळल्यानंतर घटनाक्रम मांडताना औषध आधी की ठोके थांबले आधी, हेच कळत नाही.

क्लिनिकल_फार्मासिस्ट

बारकोडबद्दल लिहितो, कारण तुम्ही म्हणता तो "औषध दिल्यानंतर स्कॅन" हा प्रकार सर्रास दिसतो आणि त्यात स्कॅनचा उपयोगच संपतो. स्कॅनचं काम चूक अडवण्याचं आहे. औषध पोटात गेल्यावर पडदा लाल झाला तर काय करणार?

बरोबर क्रम असा: रुग्णाच्या हातातला बँड स्कॅन, मग औषधाचं पाकीट स्कॅन, पडद्यावरचं औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ पाहणं, औषध देणं, आणि गोळी गिळल्याचं पाहून "दिलं" असं नोंदवणं. पाकीट खाटेपाशीच फोडायचं. औषधाच्या खोलीत गोळ्या सोलून कपात घेतल्या की बारकोड मागेच राहतो.

अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या एका अभ्यासात, २००८मध्ये, बारकोडला वळसा घालण्याचे १५ प्रकार आणि त्यामागची ३१ कारणं नोंदली गेली होती. बँडची जादा प्रत छापून ट्रॉलीला चिकटवणं हा त्यातला नेहमीचा प्रकार. तो दिसला तर बँड का स्कॅन होत नाही ते शोधा. बँड ओला होऊन शाई पुसलेली असते, मनगट बारीक असल्याने बारकोड वळून अर्धाच दिसतो, झोपलेल्या रुग्णाचा हात पांघरुणात असतो, वायफाय कोपऱ्यातल्या खाटेपाशी तुटतं. यातली प्रत्येक गोष्ट सुटणारी आहे. बँडवर एकाऐवजी दोन-तीन ठिकाणी बारकोड छापून घ्या. पुसलेला बँड त्याच शिफ्टला बदलायचा. जुना कापून लगेच नष्ट करायचा, खिशात ठेवायचा नाही.

अर्ध्या गोळीकडे विशेष लक्ष द्या. ऑर्डर २५० मिलिग्रॅमची, हातात ५०० मिलिग्रॅमची गोळी. स्कॅन केल्यावर प्रणाली मात्रा जुळत नसल्याचं सांगते, आणि हा इशारा रोजच येत असल्यामुळे पाहिला न जाता बंद होतो. शक्य असेल तर फार्मसीनेच अर्धी गोळी वेगळ्या पाकिटात, वेगळ्या बारकोडसह पाठवावी. इशारे बंद करण्याची सवय सगळीकडे आहे. २००६च्या एका आढाव्यात औषधविषयक इशाऱ्यांपैकी ४९ ते ९६ टक्के डावलले जातात असं आढळलं होतं. म्हणून निरुपयोगी इशारे कमी करणं हेही सुरक्षिततेचंच काम आहे. दर महिन्याला सर्वाधिक डावलले गेलेले १० इशारे काढा आणि त्यातले कोणते बंद करता येतील यावर फार्मसी व डॉक्टरांनी बसून निर्णय घ्या.

औषधाच्या वेळेचं एक उदाहरण देतो. व्हॅन्कोमायसिन या प्रतिजैविकाचा डोस १०ला आहे आणि रक्तातली पातळी पुढच्या डोसच्या आधी, ९:३०ला घ्यायची आहे. काम हलकं व्हावं म्हणून डोस ९:१०लाच सुरू केला आणि नोंद मात्र १०ची केली. हे औषध सावकाश, १ ग्रॅमला किमान तासभर, द्यावं लागतं. म्हणजे ९:३०चा नमुना ते चालू असतानाच घेतला गेला. पातळी भलतीच जास्त येते, चार्टवर सगळं वेळेवर दिसतं, डोस कमी केला जातो आणि जंतुसंसर्ग आटोक्यात येत नाही. म्हणून औषध सुरू केल्याची खरी वेळ आणि नमुना काढल्याची खरी वेळ, दोन्ही लागतात. नमुन्याची वेळ म्हणजे लेबल छापल्याची वेळ नव्हे.

अ‍ॅलर्जीबद्दल: ती नोटमध्ये वाक्य म्हणून लिहिली तर संगणकासाठी ती नाहीच. अ‍ॅलर्जीच्या रकान्यात, यादीतून औषध निवडून भरली तरच पेनिसिलीनची ऑर्डर अडते. तिथे प्रतिक्रिया काय झाली तेही निवडा. अंगावर गांधी उठणं, घशाला सूज येणं ही अ‍ॅलर्जी. नुसती मळमळ असेल तर ते औषध न सोसणं आहे, त्यासाठी बहुतेक प्रणालींत वेगळा पर्याय असतो. सगळंच अ‍ॅलर्जीत भरलं की गरजेचं प्रतिजैविक उगाच टाळलं जातं. आणि रिकामा रकाना म्हणजे "अ‍ॅलर्जी नाही" असं नसतं. विचारून नाही म्हणाले असतील तर "ज्ञात अ‍ॅलर्जी नाही" हे स्पष्ट निवडा.

वजनही तसंच: मोजलेलं की सांगितलेलं, कोणत्या तारखेचं, आणि किलोतच. काटा पौंडावर राहिला तर १५ किलोचं मूल ३३चं होतं. पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅमने २२५ऐवजी ४९५ मिलिग्रॅम निघतं. काटे किलोवर कायमचे बांधून घ्या.

सूचना हाताने टाइप करताना ०.५ लिहा, नुसतं .५ नको, ५ लिहा, ५.० नको. टिंब दिसलं नाही की दहापट फरक पडतो. इन्सुलिनसाठी "यू" (U) अक्षर वापरू नका, पूर्ण "युनिट" लिहा. ते अक्षर शून्यासारखं दिसतं.

फिजिशियन_मेडिसिन

नोट्सच्या प्रश्नात डॉक्टरांची बाजू मांडतो, पण बचाव म्हणून नाही.

कॉपी करण्यामागे वेळेचं कारण खरं आहे. २०१६मध्ये अमेरिकेत बाह्यरुग्ण सेवेतल्या ५७ डॉक्टरांचं निरीक्षण प्रसिद्ध झालं, त्यात रुग्णासमोरच्या प्रत्येक तासामागे जवळजवळ २ तास ई-नोंदी आणि टेबलावरच्या कामात जात होते. अशा ताणात कालची नोट पुढे ओढणं सोपं वाटतं. पण तिचा परिणाम पाहा. कॅथेटर काढून तीन दिवस झाले तरी नोटमध्ये "कॅथेटर चालू". "उद्या सीटी स्कॅन" हे वाक्य पाच दिवस "उद्या"च राहतं. प्रतिजैविकाचा "दिवस ३" आठवडाभर ३राच. मग त्या नोटवर विसंबून ऑन-कॉल डॉक्टर रात्री निर्णय घेतो.

कॉपीवर सरसकट बंदी घातली तर लोक दुसरीकडून पेस्ट करतील. त्यापेक्षा नोटचे दोन भाग वेगळे समजा. जुना इतिहास, घरी चालू असलेली औषधं, शस्त्रक्रिया हा भाग पुढे आणता येतो, वाचून. आजची तपासणी, आजचं मत आणि आजची योजना रोज कोरी उघडली पाहिजे. नोटचं टेम्प्लेट (तयार साचा) तसंच बनवून घ्या: पहिला भाग ओढला जाईल, दुसऱ्यात काहीही आपोआप येणार नाही. लॅबचे सगळे आकडे नोटमध्ये ओतणंही बंद करा. ते एका क्लिकवर दिसतातच. नोटमध्ये फक्त ज्यावर निर्णय घेतला तो आकडा: "क्रिएटिनिन १.१वरून १.९, म्हणून डोस कमी." (क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी.)

तपासणीच्या टेम्प्लेटमध्ये "सर्व सामान्य" आधीच भरलेलं असतं तेही काढा. गुडघ्याखाली पाय कापलेल्या रुग्णाच्या नोटमध्ये "दोन्ही पावलांच्या नाड्या लागतात" हे वाक्य याच सोयीतून येतं, आणि एकदा असं वाक्य सापडलं की त्या नोटमधल्या खऱ्या निरीक्षणावरही विश्वास राहत नाही. जे तपासलं नाही ते रिकामं ठेवावं.

मांडणीत एक बदल फार उपयोगी पडतो. लॉरेन्स वीड यांनी १९६८मध्ये समस्यानिहाय नोंदीची पद्धत मांडली, तिच्यातून आलेला क्रम सगळ्यांना पाठ आहे: रुग्णाची तक्रार, तपासणीतले निष्कर्ष, मत, योजना. पडद्यावर या क्रमात मत आणि योजना सगळ्यात खाली जातात आणि वाचणारा तिथवर पोचत नाही. मत आणि योजना वर घ्या, आधार खाली. लिहिणारा तोच मजकूर लिहितो, फक्त क्रम उलटा.

नर्सिंग नोटबद्दल माझं स्पष्ट मत: फ्लोशीटमध्ये जे भरलं ते नोटमध्ये पुन्हा लिहू नका. "बीपी १३०/८०, नाडी ८४, ताप नाही, सलाईन चालू, रुग्ण आरामात" ही ओळ कुणाच्याच कामाची नाही. नोटमध्ये बदल लिहा: काय बदललं, कधी लक्षात आलं, कुणाला कळवलं, त्यांनी काय सांगितलं, ते केल्यावर काय झालं.

वैद्यकीय_नोंदी_विभाग

डॉक्टरांशी बहुतांशी सहमत, एका गोष्टीत नाही. "फक्त बदल लिहा" ही पद्धत तेव्हाच चालते जेव्हा "सामान्य" म्हणजे काय हे प्रणालीत लिहून ठेवलेलं असतं. श्वसनसंस्थेपुढे "मर्यादेत" अशी खूण केली तर त्या खुणेवर माउस नेताच व्याख्या दिसली पाहिजे: दर १२ ते २०, दोन्ही बाजूंनी श्वास सारखा, घरघर नाही, जादा ऑक्सिजन नाही. ती व्याख्या नसेल तर नंतर वाद झाल्यास त्या खुणेचा अर्थ कुणालाच सांगता येत नाही. आधी व्याख्या मंजूर करून घ्या, मग नोट कमी करा. शिवाय पडणं, बांधून ठेवणं, रक्त चढवणं, रुग्णाने उपचार नाकारणं, सल्ल्याविरुद्ध घरी जाणं यांची सविस्तर नोंद कापू नका.

चुकीच्या चार्टमधल्या नोंदीबद्दल. सही झालेली नोंद पुसत नाहीत. क्रम असा:

१. त्या नोंदीवर काही कृती झाली आहे का ते सगळ्यात आधी पाहा. औषध दिलं गेलं, नमुना घेतला गेला, ऑर्डर पुढे गेली? झाली असेल तर त्या रुग्णाच्या डॉक्टरांना ताबडतोब कळवा. संगणक नंतर.
२. चुकीची ऑर्डर रद्द करा.
३. नोंदीवर "चुकीच्या रुग्णाच्या चार्टमध्ये" हे कारण निवडून ती चूक म्हणून चिन्हांकित करा. मूळ मजकूर लपतो किंवा त्यावर रेघ येते, पण मागे शाबूत राहतो.
४. बरोबर चार्टमध्ये नव्याने लिहा, खऱ्या वेळेसह. चुकीच्या चार्टमध्ये दुसऱ्या रुग्णाचं नाव किंवा क्रमांक लिहू नका. हे फार होतं, आणि त्यातून एका रुग्णाची माहिती दुसऱ्याच्या कागदपत्रांत कायमची जाते.
५. घटना कळवण्याच्या फॉर्मवर कळवा. चार्टमध्ये "घटना फॉर्म भरला" असं लिहायचं नाही.

सही झालेल्या नोटमध्ये काही राहून गेलं असेल तर पुरवणी जोडा. मूळ नोट उघडून बदलू नका.

कोण, कधी, कुठल्या यंत्रावरून, काय पाहिलं आणि काय बदललं, हे सगळं ऑडिट ट्रेलमध्ये, म्हणजे प्रणाली आपोआप ठेवते त्या वापराच्या नोंदीत, राहतं. नुसतं उघडून पाहिलं तरी राहतं. म्हणूनच दुसऱ्याच्या लॉगिनवर नोंद करणं थांबवा. "सिस्टर, तुमचं उघडंच आहे, मी टाकते पटकन" यात मदतीची भावना असते, पण ती नोंद कायमची त्या सिस्टरच्या नावावर जाते. नव्या किंवा तात्पुरत्या नर्सला पहिल्या दिवशीच लॉगिन मिळालं नाही तर हे घडणारच. त्यामुळे लॉगिन ड्युटी सुरू होण्याआधी तयार ठेवणं ही तुमची आणि आयटीची जबाबदारी.

एका वेळी एकाच रुग्णाचा चार्ट उघडा राहील अशी मर्यादा घालता येते. ट्रॉलीवरच्या संगणकांना ती घाला. नाव, वय आणि फोटो पडद्याच्या वर ठळक दिसू द्या, आणि सारख्या आडनावांच्या रुग्णांवर सूचना लावा.

मेडिसिन_वॉर्ड_इन्चार्ज

सगळ्यांचे मनापासून आभार. यातलं बरंच उद्याच करता येईल. दोन शंका राहिल्या. डॉक्टरांनी फोनवर दिलेली ऑर्डर कुणी आणि कशी भरायची? आणि प्रणाली बंद पडली की कागदावर काम होतं, पण ती सुरू झाल्यावर काय काय चढवायचं यात गोंधळ होतो. सगळं पुन्हा टाइप करायचं का?

क्लिनिकल_फार्मासिस्ट

फोनवरच्या ऑर्डरपुरतं सांगतो. ऐकताना थेट प्रणालीत टाइप करा, चिठ्ठीवर नको. टाइप केलेलं पडद्यावरून वाचून दाखवा: रुग्णाचं पूर्ण नाव, औषध, मात्रा, मार्ग, किती वेळा. पंधरा आणि पन्नास ऐकताना गफलत होते, म्हणून आकडा सुटा करून सांगा, "एक-पाच". डॉक्टरांनी हो म्हटल्यावर "वाचून खात्री केली" ही खूण करा. ऑर्डर ज्यांनी दिली त्यांच्या नावावर सहीसाठी जाते. डॉक्टर स्वतः संगणकाजवळ असतील तर फोनवरची ऑर्डर घेऊच नका.

नर्सिंग_इन्फॉर्मेटिक्स

बंद पडण्याच्या तयारीचं काम चालू असतानाच करायचं असतं. वॉर्डातल्या एका संगणकावर ठरावीक अंतराने औषधांची यादी, अ‍ॅलर्जी आणि ताजे निकाल यांची प्रत आपोआप साठत राहिली पाहिजे, आणि तो संगणक व प्रिंटर जादा वीजपुरवठ्यावर असावेत. प्रत खरंच ताजी आहे का ते दर आठवड्याला उघडून बघा. छापील फॉर्मची पेटी ठेवा आणि त्यात रुग्ण-ओळखीच्या लेबलांसाठी जागा असलेलेच फॉर्म असू द्या. बंद पडल्याबरोबर सगळ्या खाटांच्या औषधयाद्या छापा आणि वेळ लिहून ठेवा.

प्रणाली परत आल्यावर सगळं टाइप करायचं नाही. ज्यावर पुढचं गणित किंवा पुढचा निर्णय अवलंबून आहे ते चढवायचं, आणि या क्रमाने: नवे दाखल झालेले, हलवलेले आणि घरी गेलेले रुग्ण, नव्या अ‍ॅलर्जी, दिलेली प्रत्येक औषधमात्रा, खऱ्या वेळेसह, अजून चालू असलेल्या नव्या ऑर्डरी, प्रत्येक रुग्णाचे शेवटचे व्हायटल्स आणि मधे बिघडलेले आकडे, इनटेक-आउटपुटची एकूण बेरीज. बाकी कागद स्कॅन करून त्या रुग्णाच्या चार्टला जोडायचे, आणि चार्टमध्ये "अमुक वेळ ते अमुक वेळ नोंदी कागदावर, स्कॅन जोडला" अशी एक ओळ.

औषधमात्रा चढवण्याआधी नव्या फेरीची औषधं देऊ नका. प्रणालीला मधला डोस माहीत नसतो, त्यामुळे तो "राहिलेला" म्हणून लाल दिसतो आणि पुढच्या शिफ्टची नर्स तो पुन्हा देते. रक्त पातळ करणारी औषधं, इन्सुलिन आणि वेदनाशामक ओपिऑइड यांच्या नोंदी आधी घ्या, एकीने वाचायचं आणि दुसरीने भरायचं. बारकोडशिवाय भरलेल्या या नोंदींसाठी "प्रणाली बंद होती" हे वेगळं कारण यादीत टाकून घ्या, नाहीतर महिन्याच्या अहवालात त्या स्कॅन चुकवलेल्या म्हणून मोजल्या जातात.

क्रमाबद्दल तुम्ही सुरुवातीला विचारलं होतं. माझ्या मते पहिल्या आठवड्यात छोटा व्हायटल्स गट आणि ऑक्सिजनचा रिकामा रकाना, त्यानंतर बँड आणि बॅटरी, मग टेम्प्लेट. नर्सिंग नोट सगळ्यात शेवटी, "मर्यादेत"च्या व्याख्या मंजूर झाल्यावर. एका वेळी एकच बदल करा आणि दर बदलानंतर मोजमाप आणि नोंद यातलं अंतर पुन्हा काढून बघा. दोन्ही वेळा प्रणालीत असतात, अहवाल आयटीकडून मिळतो.